आठचे एकतीस

सकाळचे नऊ. मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयातली अफेरेसिसची खोली. दोन खाटांवर दोन पेशंट, एक काकू आणि एक काका, दोघांनाही मल्टिपल मायलोमा. वजनाच्या हिशेबाने दोघांना एकाच मापाची जी-सीएसएफची इंजेक्शनं चालू आहेत. मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवायच्या, म्हणून. दोघांचीही कंबर ठणकते आहे.

पण रक्तात उतरलेल्या मूळपेशींचा, म्हणजे सीडी-34चा, आकडा मात्र सारखा नाही. काकूंचा 64. काकांचा काल संध्याकाळी जेमतेम 8 होता, म्हणून रात्री दहाला त्यांना प्लेरिक्साफॉर दिलं. आजचा रिपोर्ट सिस्टर वाचून दाखवतात : 31.

"औषध तेच, मग माझंच असं का?" काका विचारतात.

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकतात. "मज्जेत सीएक्ससीएल-12 नावाचं प्रथिन असतं. मूळपेशी सीएक्ससीआर-4 या रिसेप्टरने त्याला धरून बसतात. रात्रीच्या इंजेक्शनने तो रिसेप्टरच अडवला, त्यामुळे पेशी सुटल्या." वय आणि आधी घेतलेलं लेनालिडोमाइड हे औषध यांचाही यात हात असतो, असं ते सांगतात. "आणि थोडं जन्मजात. त्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असलेल्यांच्या पेशी जास्त सुटतात, असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. त्यामुळे आम्ही जनुक बघून ठरवत नाही, हा आकडा बघतो."

मशिन घरघरतं आहे. मानेतल्या कॅथेटरमधून रक्त येतं, आत गरगरतं, हव्या तेवढ्या पेशी काढून घेऊन बाकीचं परत जातं. वर टांगलेल्या पिशवीत टोमॅटोच्या साराच्या रंगाचा द्रव साठतो आहे. काका ओठांवरून जीभ फिरवतात. "मुंग्या येतायत?" सिस्टर लगेच कॅल्शियमचं ड्रिप वाढवतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटचा हा परिणाम.

चारच्या सुमारास लॅबचा फोन येतो. वजनाच्या दर किलोमागे काकूंच्या 72 लाख पेशी, काकांच्या 34 लाख. ट्रान्सप्लांटला किमान 20 लाख लागतात.

"माझ्या जास्तीच्या यांना द्या की," काकू म्हणतात.

"तुमच्या यांना चालणार नाहीत, काकू. हा ज्याचा त्याचा ट्रान्सप्लांट. तुमच्या उरलेल्या गोठवून ठेवू. पुढे दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर तुम्हालाच लागतील."

काका हात झटकतात. "राहू दे हो. चौतीस लाख पदरात पडलेत, तेवढ्यात भागवू."