न्यू गॉथम

‘हार्ली क्विन’ या प्रौढांसाठीच्या अमेरिकन विनोदी व्यंगपट-मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा प्रारंभीचा भाग. प्रथम प्रक्षेपण ३ एप्रिल २०२०. जस्टिन हालपर्न, पॅट्रिक शूमाकर व डीन लोरी हे मालिकेचे निर्माते होत. हार्ली हे पात्र पॉल डिनी व ब्रूस टिम यांनी १९९२ मध्ये बॅटमॅनवरील व्यंगपट-मालिकेसाठी निर्मिले. मूळची ही मानसोपचारतज्ज्ञ जोकर या खलनायकाच्या पूर्णतः आहारी गेलेली असते. पहिल्या पर्वात ती त्याच्यापासून मुक्त होते.

प्रस्तुत भागात जोकरचा पाडाव झालेला असून गॉथम नगरी उद्ध्वस्त झाली आहे. बॅटमॅन बेपत्ता आहे व अमेरिकेच्या शासनाने नगरीशी संबंध तोडला आहे. ही कल्पना ‘नो मॅन्स लँड’ (१९९९) या चित्रकथामालेवरून घेतलेली आहे. त्याच कथानकाच्या ओघात हार्लीचा बॅटमॅनच्या मुख्य चित्रकथाविश्वात प्रवेश झाला होता. कोणाचीही सत्ता नको, असा हार्लीचा आग्रह असतो. परंतु पेंग्विन, रिडलर, बेन, टू-फेस व मिस्टर फ्रीझ हे खलनायक नगरी वाटून घेतात आणि तिला बर्फात गोठवितात. सहकारी तिची सुटका करतात व तिच्या हातून पेंग्विन मारला जातो.

एका जुलमी पुरुषापासून सुटका झाली, तरी सत्तेची पोकळी इतर तसेच पुरुष भरून काढतात, हे मर्म या भागातील हिंसक विनोदामागे आहे.