मिरिस्साचे निळे देवमासे

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सा बंदरातून नोव्हेंबर ते एप्रिल या काळात भल्या सकाळी बोटी सुटतात, त्या निळा देवमासा बघायला. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांपैकी सर्वांत मोठा म्हणून जो ओळखला जातो, तो किनाऱ्याच्या इतका जवळ कसा? उत्तर बोटीखाली आहे. इथला भूखंडमंच फार अरुंद. थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो.

आधी दिसतो फवारा, कित्येक मीटर उंच आणि सरळसोट. तो समुद्राच्या पाण्याचा नव्हे, देवमाशाच्या उच्छ्वासाचा. मग पाठ वर येते. ती सरकत राहते, सरकतच राहते आणि पार मागे, आता संपली असं वाटेतो, एक इवलासा पर दिसतो. एवढ्या देहाला एवढासा पर! शेवटी शेपूट हवेत उंचावली, तर समजावं की बुडी खोल आहे. आता दहा-एक मिनिटं पाण्याकडे डोळे लावून बसायचं.

पण मला सगळ्यात थोर वाटते ती खूण वेगळीच आहे. २००३ साली ‘ओडिसी’ या संशोधन नौकेवर असलेल्या आशा डी वॉस या श्रीलंकन तरुणीला इथल्या पाण्यावर देवमाशाची लालभडक विष्ठा तरंगताना दिसली. निळे देवमासे थंड समुद्रात चरतात आणि उबदार पाण्यात येतात ते विणीसाठी, असं तिला शिकवलं गेलं होतं. विष्ठा इथे, म्हणजे जेवणही इथेच! तिच्या पुढच्या अभ्यासातून कळलं की हे देवमासे ध्रुवाकडे जातच नाहीत. उष्ण कटिबंधातच राहतात. आणि खातात काय? क्रिलपेक्षा जास्त करून बारीक कोलंबी, आपल्या कोकणातला जवळा ज्या कुळातला, त्याच कुळातली. जवळ्याच्या भाऊबंदांवर पोसलेला महाकाय!

हीच खाण्याची जागा जगातल्या अतिशय गजबजलेल्या जहाजमार्गावर येते. धडकेने देवमासे मरतात. अन्न सोडून ते जाणार कुठे? सरकायचं ते जहाजांनीच. २०२२ मध्ये एमएससी या बड्या कंपनीने आपली जहाजं इथून सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. सगळ्याच जहाजांनी तीच वाट धरावी, असं मला मनापासून वाटतं.