बंदराचे वर्ष कसे मोजतात?

शिवडीहून अटल सेतूवरून उरणकडे जाताना सेतू संपत आला, की उजव्या हाताला दूरवर उंच याऱ्यांची रांग दिसते. ते न्हावा-शेवा बंदर. कागदोपत्री त्याचे नाव जवाहरलाल नेहरू बंदर. पण ज्या दोन गावांच्या जमिनीवर आणि चिखलावर ते उभे राहिले, त्यांची नावे काही सुटलेली नाहीत. मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. दरवर्षी मार्च संपला, की वर्तमानपत्रांत या बंदराची एक छोटी बातमी येते: यंदा अमुक लाख कंटेनर हाताळले, मागील वर्षापेक्षा इतके टक्के वाढ. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. आज त्या बातमीपाशी जरा थांबू या.

२०२४-२५ या वर्षी न्हावा-शेव्याने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. हे 'कंटेनर' म्हणजे नेमके काय? लोखंडी डबे लहान-मोठे असतात, म्हणून मोजणीसाठी २० फूट लांबीचा डबा हे एकक धरतात. ४० फुटी डबा आला, तर तो दोन धरायचा. ही डब्यांची पद्धत फार जुनी नाही. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाच्या मालमोटारवाल्याने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले, तेव्हापासून तिचा प्रसार झाला. त्याआधी गोणी, पिंपे, खोकी एकेक करून हमाल चढवीत आणि उतरवीत. जहाज आठवडाभर धक्क्याला लागून राही.

आता थोडे गणित करा. २० फूट म्हणजे ६.१ मीटर. ७३ लाख डबे एकापुढे एक ठेवले, तर रांग सुमारे ४४,५०० किलोमीटर होईल. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,००० किलोमीटरांहून किंचित जास्त आहे. म्हणजे पृथ्वीला एक वेढा घालून वर बरीच लांबी उरेल! वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले, तर रोजचे २०,००० डबे होतात. एका ट्रेलरवर एक ४० फुटी डबा, म्हणजे दोन एकके, मावतात. सगळे डबे रस्त्याने गेले असते, तर रोज दहा हजार खेपा लागल्या असत्या. काही डबे आगगाडीने जातात हे खरे. तरीही उरण-पनवेलच्या रस्त्यांवर ट्रेलरांची रांग का असते, हे या भागाकारावरून कळते.

हा आकडा मोठा आहे, पण त्यात एक गोम आहे. रिकामा डबाही त्यात मोजला जातो. एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढलेला डबा दोनदा मोजला जातो. म्हणून डब्यांच्या शेजारी टनांचा आकडाही पाहावा. २०२२-२३ साली ६० लाख ५० हजार डबे आणि ८ कोटी ३९ लाख टन माल. २०२४-२५ साली ७३ लाख डबे आणि ९ कोटी २१ लाख टन माल. टक्केवारी काढा. डबे सुमारे २१ टक्क्यांनी वाढले, टन मात्र १० टक्क्यांच्याच आसपास! असे का व्हावे? रिकामे किंवा हलके डबे वाढले असतील, जहाजातून जहाजात जाणारा माल वाढला असेल, किंवा टनांत जो तेलासारखा सुटा द्रवरूप माल धरलेला असतो तो तितका वाढला नसेल. कोणते कारण किती, हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही. पण 'वाढ २१ टक्के' एवढेच वाचणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता.

बंदराच्या अहवालात आणखी एक आकडा मानाने छापलेला असतो: जहाजाला येऊन परत जायला किती वेळ लागला. न्हावा-शेव्याला आता साधारण एका दिवसाच्या आसपास काम उरकते. हा वेळ का महत्त्वाचा? जहाज उभे असतानाही त्याची वीज हवीच असते, आणि ती जहाजावरचीच इंजिने तेल जाळून तयार करतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलातील गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली आहे. तरी अर्धा टक्का म्हणजे मोटारीच्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्तच. जहाज जितक्या लवकर जाईल तितका धूर कमी, आणि धक्क्यावरून विजेची तार जोडून दिली तर त्याहून कमी.

पण माझ्या मते बंदराचा खरा हिशेब धक्क्यावर नव्हे, पाण्याखाली आहे. तिकडे वळू या.

आर्किमिडीजचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. ३०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असे एक जहाज घ्या. त्याचा आडवा छेद अगदी चौकोनी नसतो, टोकांना निमुळता होतो. म्हणून क्षेत्रफळ १२,००० ऐवजी सुमारे ९,६०० चौरस मीटर धरू. समुद्राचे पाणी घनमीटरला १.०२५ टन भरते. म्हणजे हे जहाज एक मीटर अधिक बुडवायला जवळजवळ १०,००० टन माल लागेल. हेच उलटे वाचा: वाटेत एक मीटर गाळ साचला, तर त्या जहाजाला दहा हजार टन माल कमी घेऊन यावे लागेल. डब्याला सरासरी बारा टन धरले, तर आठशेहून अधिक डबे गेले.

आणि गाळ तर रोज साचतो. पाताळगंगा आणि अंबा या नद्या धरमतरच्या खाडीवाटे, शिवाय पनवेलची खाडी आणि ठाण्याची खाडी, सह्याद्रीच्या काळ्या खडकांची झिजलेली माती याच पाण्यात आणून सोडतात. नदीत तरंगत आलेली ही माती नेमकी इथेच का बसते? एक प्रयोग करून पाहा.

शेतातली किंवा तळ्यातली बारीक काळी माती मूठभर घ्या आणि बादलीभर पाण्यात चांगली ढवळा. पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे वाळू आणि खडे तळाशी बसतील. वरचे गढूळ पाणी काचेच्या दोन सारख्या बरण्यांत ओता. एकीत दोन चमचे मीठ टाकून ढवळा, दुसरी नुसतीच ढवळा. आता तास-दोन तास अधूनमधून पाहत राहा. मिठाच्या बरणीत गढूळपणा गोळा होऊन खाली बसू लागेल. दुसरी कदाचित दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. मिठातील धन आयन या भाराला जणू झाकून टाकतात. मग कण जवळ येतात, चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन बसतात. नदीचे गोडे पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते तेथे अगदी हेच घडते.

त्यात आपण जहाजांसाठी समुद्रतळाला खोल चर खणतो. पाटाचे पाणी रुंद जागी आले की संथ होते, हे तुम्ही पाहिले असेल. चरातही प्रवाह संथ होतो, आणि संथ पाणी गाळ टाकते. म्हणजे जितके खोल खणावे तितका गाळ ओढून घ्यावा! न्हावा-शेव्याची वाट गेल्या काही वर्षांत दोन टप्प्यांत खोल केली. आता भरतीचा फायदा घेऊन १५ मीटर पाण्याखाली असलेली जहाजे आत येऊ शकतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, हा निसर्गाने दिलेला मोठा आधार. पण ही खोली टिकवायला गाळ उपसणारी जहाजे पुन:पुन्हा लावावी लागतात. उपसलेला गाळ दूर समुद्रात नेमून दिलेल्या जागी टाकतात.

गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात किडे, शिंपल्या, खेकडे यांची वस्ती असते, आणि कोलंबीचे व माशांचे अन्नही. तळ खरवडला की ती वस्ती जाते. पाणी गढूळ झाले की सूर्यप्रकाश खाली पोचत नाही आणि सूक्ष्म वनस्पती कमी वाढतात.

येथे कोळ्यांची गोष्ट सुरू होते. या किनाऱ्यावरचे जुने जाळे म्हणजे डोल. मोठ्या पिशवीसारखे हे जाळे खुंटांना बांधून प्रवाहात तोंड करून सोडतात. कोळी माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच जवळा, कोलंबी, बोंबील आणून जाळ्यात टाकतो. उधाणाच्या दिवसांत मासळी भरपूर, भांगेच्या दिवसांत कमी. आता विचार करा: खणलेल्या चरामुळे आणि भरावामुळे प्रवाहाचा वेग आणि दिशा बदलली, किंवा जहाजांच्या वाटेवर जाळे लावायला मनाई झाली, तर डोल काय कामाची? होडी असेल, जाळे असेल, हातात कसबही असेल. गेलेला असेल तो फक्त प्रवाह. वार्षिक अहवालात याचा रकाना नसतो.

तिवरांचेही असेच. तिवराची मुळे चिखलातून वर डोकावून श्वास घेतात. भरतीने दिवसातून दोनदा पाणी यावे आणि ओहोटीने निघून जावे, यावर त्यांचे जगणे अवलंबून. बांध घातला, भराव टाकला, पाण्याचा येण्या-जाण्याचा मार्ग बुजला, तर कुऱ्हाड न लावताही झाडे सुकतात. आणि तिवरांच्या सावलीत वाढणारी मासळीची पिल्लेही जातात. उरण परिसरातील मच्छीमारांनी हीच तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. २०१५ साली लवादाने १,६३० कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि त्याचा मोठा वाटा बंदराने द्यावा असे सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की खाडीतून गेलेल्या मासळीची किंमत रुपयांत मांडली गेली.

जमिनीचा हिशेब तर त्याहून जुना. नव्या मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या जात असताना योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, ही योजना त्या लढ्यातून आली. प्रत्यक्ष बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हाती तिची पत्रे पडायला मात्र २०१४ साल उजाडले. बंदर तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते. शेवा कोळीवाडा हलवून जेथे हनुमान कोळीवाडा वसवला, तेथील घरे वाळवीने पोखरली. नीट पुनर्वसनासाठी तेथील लोक जहाजांची वाट अडवायला होड्या घेऊन समुद्रात उतरले.

बंदराने काही दिलेच नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. गोदामे, वाहतूक, दुरुस्ती, कचेऱ्या यांत उरण-पनवेलच्या कितीतरी घरांची चूल पेटते, आणि नाशिकची द्राक्षेही बर्फाळ डब्यांतून येथूनच परदेशी जातात. कोरोनाच्या २०२०-२१ या वर्षातही सुमारे ४७ लाख डबे येथून गेले-आले. तेव्हा हे बंदर थांबते तर औषधांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांची पंचाईत झाली असती.

आता याच हिशेबाचे नवे पान उघडले आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. न्हावा-शेवा बंदराचा त्यात ७४ टक्के वाटा आहे, उरलेला महाराष्ट्र सागरी मंडळाचा. तेथे किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोली चांगली आहे, म्हणून वाट खणण्याचे काम कमी पडेल असे सांगतात, आणि वर केलेले गणित आठवले तर ही गोष्ट मोठी आहे. पण समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटर लांबीची लाटारोधक भिंतही होणार आहे. भिंत लाट अडवते तशी प्रवाहही वळवते. तेथील मच्छीमारांचा विरोध याच भीतीतून आहे.

किनाऱ्यावरच्या शाळांतील विज्ञानशिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, ठरलेल्या एकाच जागी ओहोटीचे पाणी एका बरणीत भरून घ्यावे आणि किती गाळ बसला ते पट्टीने मोजावे. त्याच दिवशी मासळी उतरते तेथे जाऊन कोणती मासळी किती पाट्या आली, हे कोळणींना विचारून लिहावे. वही वर्षभर चालवावी, आणि पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. डहाणूच्या मुलांनी ही वही आजच सुरू केली, तर भिंत उभी राहण्यापूर्वीची काही पाने तरी तिच्यात असतील.