निर्व्यसनी डॉक्टरांच्या नावाचे मद्यालय

लंडनच्या सोहो विभागात ब्रॉडविक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘जॉन स्नो’ नावाचा एक जुना पब आहे. ज्यांचे नाव त्याच्या पाटीवर झळकते, ते डॉ. जॉन स्नो (१८१३–१८५८) आयुष्याचा बहुतेक काळ मद्यापासून कटाक्षाने दूर राहिले. तरुणपणी तर त्यांनी मद्यपानाविरुद्ध जाहीर भाषणही केले होते! पबचे पूर्वीचे नाव ‘न्यूकॅसल-अपॉन-टाइन’. योगायोग असा की, याच नावाच्या शहरात स्नो वैद्यकीची उमेदवारी करीत होते आणि १८३१-३२ च्या साथीत तेथील खाणकामगारांमध्ये त्यांनी कॉलरा प्रथम पाहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर, सोहोतील साथीच्या शताब्दीच्या सुमारास, पबला त्यांचे नाव मिळाले.

ती साथ १८५४ सालची. तेव्हा या रस्त्याला ब्रॉड स्ट्रीट म्हणत. ऑगस्टच्या अखेरीस कॉलरा उसळला आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोग दूषित हवेतून पसरतो, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. स्नोंचा संशय रस्त्यावरील सार्वजनिक हातपंपावर होता. त्यांनी घरोघर जाऊन मृतांची नोंद केली आणि कोण कोठले पाणी पीत होते ते विचारले. या चौकशीत मद्याचा विषय दोनदा येतो. आसपासच्या मद्यालयांत याच पंपाचे पाणी दारूत मिसळले जाई. उलट त्याच रस्त्यावरील बिअरच्या कारखान्यात सत्तरावर कामगार होते, पण त्यांच्यापैकी कोणीही कॉलऱ्याने मेला नाही. त्यांना रोज ठरावीक बिअर मिळे आणि पंपाकडे ते फिरकतच नसत. निर्व्यसनी स्नोंनी हा पुरावा तितक्याच निष्ठेने नोंदविला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोंनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले आहे. मग दांडा काढून साधले काय?

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे मन येथेच अधिक रेंगाळते. रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड हे तेथील तरुण धर्मोपदेशक. स्नोंचे मत खोडून काढण्याच्या इराद्याने ते चौकशीला लागले आणि पुराव्यापुढे नमले. त्यांना एक नोंद सापडली. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातील काही महिन्यांची तान्ही मुलगी जुलाबांनी २ सप्टेंबरला गेली होती आणि तिचे आजारपण साथीच्या आधी सुरू झाले होते. आईने बाळाचे मळलेले कपडे बादलीत भिजवून ते पाणी घरापुढच्या मैलाकुंडात ओतले होते. १८५५ मध्ये खोदून पाहिले, तेव्हा कुंडाच्या विटा ढिल्या झालेल्या आढळल्या. विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती. शिवाय त्या मुलीचे वडील नेमके ८ सप्टेंबरलाच आजारी पडले आणि पुढे दगावले. म्हणजे मैला पुन्हा त्याच कुंडात जाणार होता. पण तोवर पंपाला दांडा उरला नव्हता. दुसरी साथ टळली असावी ती अशी.

आज आपल्या हाताशी जलसंजीवनी आहे, शिरेवाटे द्यायची सलाइन आहे, प्रतिजैविके आहेत. तरीही मैला आणि पिण्याचे पाणी यांतील ते अंतर आपल्याला अद्याप राखता आलेले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या इंदुरातील भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. स्वच्छतेची बक्षिसे वर्षानुवर्षे मिरविणाऱ्या नगरीत! जुलाबांचे दोन रुग्ण एकाच गल्लीतून आले, की केसपेपरावर पत्त्याशेजारी ‘पाणी कोठले?’ एवढे तरी आपण लिहावे, असे मी तेव्हापासून सहकाऱ्यांना सुचवीत असतो.

स्नोंचे बालकांशी नाते कॉलऱ्यापुरते नव्हते. १८४१ मध्ये त्यांनी गुदमरलेल्या नवजात अर्भकांच्या पुनरुज्जीवनावर निबंध वाचला, तर १८५७ मध्ये पावातील तुरटीची भेसळ आणि मुडदूस यांचा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर म्हणूनच ते समकालीनांत अधिक प्रसिद्ध होते. पक्षाघाताने ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस होते.

लंडनच्या प्रवासात मी त्या पबमध्ये मुद्दाम गेलो. मागितले ते लिंबाचे सरबत. स्नोंच्या नावाखाली बसून दुसरे काही घेणे प्रशस्त वाटेना. पंपाची मूळ जागा बाहेर तांबूस दगडाने दाखविली आहे. १९९२ मध्ये उभारलेली पंपाची प्रतिकृतीही जवळच आहे. तिला दांडा मात्र बसविलेला नाही.