चौथ्या क्रमांकाचे मोल

जिम्नॅस्टिक्स हा अल्पायुषी खेळ मानला जातो. इतर क्षेत्रांतील माणसे ज्या वयात कामात स्थिरावू लागतात, त्या वयात जिम्नॅस्टचे शरीर थकू लागते. बालपणापासूनची साधना तिशीच्या उंबरठ्यावर संपते आणि पुढे उभे आयुष्य पसरलेले असते. मग त्या साधनेतून हाती काय उरते? त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिच्या वाटचालीत या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली आणि त्या प्रसंगीच्या निवेदनात आपल्या खेळाकडे शांतपणे मागे वळून पाहिले.

सपाट तळव्यांची मुलगी

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ रोजी आगरतळा येथे झाला. वडील भारोत्तोलनाचे प्रशिक्षक होते. लहानपणीच ती जिम्नॅस्टिक्सकडे वळली. परंतु तिचे तळवे सपाट होते. तळव्याची नैसर्गिक कमान उडी घेताना उसळी देते आणि उतरताना बसणारा हादरा पेलते. ती कमान नसलेल्या मुलीला हा खेळ जमणार नाही, असे तिला सांगण्यात आले. निवृत्तीच्या निवेदनात तिला प्रथम आठवली ती हीच पाच वर्षांची मुलगी.

सोमा नंदी आणि विश्वेश्वर नंदी या प्रशिक्षक दांपत्याने तिला घडविले. विशेष व्यायामांनी तळव्यांची कमान हळूहळू तयार करण्यात आली. साधनांची टंचाई तर नित्याचीच होती. पण गुरूचे सातत्य आणि शिष्येची चिकाटी यांपुढे ती फार काळ अडसर ठरली नाही. २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दीपाने व्हॉल्ट या प्रकारात कांस्यपदक मिळविले. पुढील वर्षी हिरोशिमाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही तिला कांस्यपदक लाभले.

प्रोदुनोव्हा: धाडस आणि हिशेब

व्हॉल्टमध्ये खेळाडू वेगाने धावत येते, स्प्रिंगबोर्डवरून उसळी घेते, १.२५ मीटर उंचीच्या व्हॉल्ट टेबलावर हात टेकून स्वतःला हवेत झोकून देते आणि कसरत पूर्ण करून पायांवर उतरते. हा सारा खेळ काही क्षणांचा असतो. एलेना प्रोदुनोव्हा या रशियन खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उडीत हात टेकल्यानंतर पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या घ्याव्या लागतात. पुढे फिरणाऱ्या खेळाडूला उतरण्यापूर्वी जमीन नीट दिसत नाही. अंदाज किंचित चुकला, तरी मान वा पाठ यांना गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच जगातील मोजक्याच महिलांनी ही उडी स्पर्धेत यशस्वी केली आहे.

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा ही उडी घेऊन उतरली. ऑलिंपिकमध्ये सहभागी होणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. १४ ऑगस्टच्या अंतिम फेरीत तिला १५.०६६ गुण मिळाले. कांस्यपदक विजेतीचे गुण होते १५.२१६. अवघ्या ०.१५० गुणांनी पदक हुकले. तथापि, त्या चौथ्या क्रमांकाने जिम्नॅस्टिक्स हा खेळ भारतात घरोघरी पोहोचविला. त्याच वर्षी तिला खेलरत्न पुरस्कार व २०१७ साली पद्मश्री हा किताब देण्यात आला.

पडझडीनंतर

यशापाठोपाठ कसोटीचा काळ आला. २०१७ साली गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया करावी लागली. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मर्सिन येथे जागतिक चॅलेंज करंडक स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. पुढे हायजेनामाइन या प्रतिबंधित द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळल्याने तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ते द्रव्य नकळत पोटात गेले, असे तिचे म्हणणे होते. बंदीची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. खेळाडूने आपल्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक औषधाविषयी किती दक्ष असावे, याचा हा धडा नव्या पिढीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मे २०२४ मध्ये ताश्कंद येथे दीपाने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट होय. वास्तविक असा विजय खेळ लांबविण्याचा मोह पाडतो. दीपाला मात्र तो वळणबिंदू वाटला. शरीराला अजून पुढे रेटता येईल, असे तिला तोवर वाटत होते. परंतु मन मानत नसले, तरी शरीर कधी कधी विश्रांतीची वेळ झाल्याचे सांगते, अशा आशयाचे विचार तिने मांडले. हा कौल ओळखणे हेही खेळाडूच्या शिस्तीचेच अंग आहे.

खेळानंतरचे जीवन

निवृत्ती म्हणजे खेळाशी नाते तोडणे नव्हे, ही दीपाची भूमिका आहे. मार्गदर्शक वा प्रशिक्षक म्हणून आपल्यासारख्या मुलींच्या पाठीशी उभे राहावे आणि खेळाचे ऋण फेडावे, अशी इच्छा तिने व्यक्त केली. या इच्छेचे मोल मोठे आहे. उडीचा नेमका क्षण, पडण्याची योग्य रीत, भीतीवर ताबा या गोष्टी पुस्तकातून पुरत्या शिकता येत नाहीत. त्या अनुभवी खेळाडूकडूनच नवख्याकडे जातात. विश्वेश्वर नंदी हे स्वतः जिम्नॅस्ट होते. त्यांच्या अनुभवातून दीपा घडली. आता तिच्या अनुभवातून इतर घडू शकतील.

महाराष्ट्राला ही परंपरा अपरिचित नाही. मल्लखांबाची विद्या आखाड्यांतून आणि व्यायामशाळांतून अशीच पुढे आली. गावोगावच्या पालकांनी व क्रीडाशिक्षकांनी यातून एवढे अवश्य घ्यावे की, मुलाची उणीव हा अखेरचा निकाल समजू नये, पदक हेच एकमेव माप मानू नये आणि निवृत्त खेळाडूला सत्काराची शाल देऊन निरोप न देता त्याच्या हाती नवी मुले सोपवावीत. पदके कपाटात राहतात; शिकविलेली विद्या मात्र मैदानावर खेळत राहते.