एक टेराबाइट, २८८ ओळी

न्यूझीलंड इंटरनेटला जोडलं गेलं ते १९८९च्या एप्रिलमध्ये, सेकंदाला ९६०० बिट या वेगाने. एका टोकाला हॅमिल्टन शहरातलं वायकाटो विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला हवाई विद्यापीठ आणि मधे अख्खा प्रशांत महासागर. एक एमबीचा लहानसा फोटो त्या जोडणीवरून पाठवायचा तर जवळजवळ चौदा मिनिटं लागली असती, आणि तीही तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी हात आवरले तरच!

जोडणी महाग होती. विद्यापीठांनी खर्च आधी सारखा वाटून घेतला, पण लवकरच ज्याचा वापर जास्त त्याचं बिल जास्त, असा हिशोब सुरू झाला. न्यायाचीच गोष्ट, पण कुणी किती वापरलं हे ठरवायचं कसं? त्यासाठी जोडणीवर मोजणी हवी आणि मोजलेलं लिहून ठेवणारी फाइल हवी. जगात इतरत्र इंटरनेट कसं वाढवायचं याची चर्चा चालू असताना या दूरच्या बेटांवरची माणसं ते बाइटगणिक मोजायला बसली होती.

ऑकलंड विद्यापीठातल्या नेव्हिल ब्राउनली यांनी याच गरजेतून नेट्रामेट नावाची मोजणीप्रणाली लिहिली. तिच्यातली हुशारी अशी, की ती प्रत्येक पॅकेट, म्हणजे जोडणीवरून जाणारा डेटाचा प्रत्येक छोटा तुकडा, लिहून ठेवत नाही. कुठून निघालं, कुठे चाललं, यावरून पॅकेटांचे प्रवाह पाडते आणि प्रवाहापुढे फक्त आकडा वाढवत जाते. काय मोजायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, याचे नियम वापरणाऱ्याने आधी लिहून द्यायचे. हीच रचना १९९९ साली आरएफसी २७२२ या दस्तऐवजात जगापुढे मांडली गेली. ब्राउनली त्या दस्तऐवजाच्या लेखकांपैकी एक.

वायकाटो विद्यापीठातला वँड हा गट मात्र उलट्या वाटेने गेला. त्यांना प्रत्येक पॅकेट हवं होतं, आणि ते नेमकं कोणत्या क्षणी आलं हेही. साध्या संगणकाला हे जमत नाही. पॅकेट नेटवर्क कार्डावर येतं, मग प्रोसेसर मोकळा होईपर्यंत थांबतं आणि त्यानंतर कधीतरी त्याच्यावर वेळेचा शिक्का पडतो. म्हणून वँडने डॅग नावाची कार्डं बनवली. ती पॅकेट हातात पडताक्षणी, प्रोसेसरला न विचारता, वेळ टिपतात. घड्याळ जीपीएसशी जुळवलेलं असतं. त्यामुळे दोन शहरांतल्या नोंदी शेजारी ठेवल्या की एकाच दिशेच्या प्रवासाला किती वेळ लागला, तेही कळतं. या कामातूनच २००१ साली एंडेस ही कंपनी उभी राहिली.

त्या वेळेची नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. ती ६४ बिटांची असते. पहिले ३२ बिट १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद सांगतात आणि उरलेले ३२ सेकंदाचा अपूर्णांक. म्हणजे एका सेकंदाचे सुमारे ४२९ कोटी तुकडे! यातल्या एका तुकड्याएवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सात सेंटिमीटर पुढे सरकतो. कार्डावरचं घड्याळ इतकं बारीक चालत नाही, पण लिहायला जागा तेवढी ठेवलेली आहे.

आता फाइलीचा आकार मोजू. सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी एका दिशेने दिवसभर भरून वाहिली, तर सगळं साठवायला एक टेराबाइटहून जास्त जागा लागेल. म्हणून पहिली कात्री इथेच लागते: पॅकेटाचा मजकूर सोडून द्यायचा आणि सुरुवातीचे मोजके बाइट ठेवायचे. पॅकेट सरासरी ५०० बाइटचं आणि नोंद ६४ बाइटची धरली, तर टेराबाइटचे साधारण १४० गिगाबाइट होतात. शिवाय कुणी काय लिहिलं ते मुळात साठवलंच जात नाही.

पण १४० गिगाबाइटची फाइल उघडणार कशात? ती कशातच उघडायची नसते. वँडच्या लिबट्रेस या संचात कमांड लाइनवरून चालणारी छोटी छोटी अवजारं आहेत आणि प्रत्येकाकडे एकच काम. ट्रेसस्प्लिटला मोठ्या फाइलचं नाव आणि ३६०० सेकंद हा अवधी दिला, की दिवसभराच्या नोंदीचे तासातासाचे तुकडे पडतात. ट्रेसमर्ज वेगवेगळ्या फाइलींमधली पॅकेटं वेळेच्या क्रमाने एकत्र ओवतं. ट्रेसफिल्टर अटीत बसेल तेवढंच पुढे सोडतं. यातलं काहीही करताना अख्खी फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही, दाबून ठेवलेली फाइल आधी मोकळी करून ठेवावी लागत नाही. नोंदी एका बाजूने आत येतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.

या सगळ्यांत थक्क करणारं अवजार म्हणजे ट्रेसअनॉन. नोंदी इतर संशोधकांना द्यायच्या तर त्यातले आयपी पत्ते झाकायला हवेत. पण पत्ते नुसते खोडले तर अभ्यासाला उरतं काय? ट्रेसअनॉन एका गुप्त किल्लीने पत्ते असे बदलू शकतं, की दोन खऱ्या पत्त्यांचे पहिले २४ बिट सारखे असतील, तर बदललेल्या पत्त्यांचेही नेमके पहिले २४ बिटच सारखे राहतात. यंत्रं कुणाची हे कळत नाही, पण ती एकाच नेटवर्कमधली आहेत हे कळतं. ओळख जाते, नातं राहतं.

शेवटची कात्री सरासरीची. दर पाच मिनिटांना एक आकडा ठेवला, तर दिवसाच्या ओळी होतात २८८. टेराबाइटचा डोंगर असा एका कागदात मावतो, आणि इथेच फसगत होते. समजा पाच मिनिटांत तीनच सेकंद जोडणी तुडुंब भरली आणि बाकी वेळ रिकामी होती. सरासरी येईल एक टक्का. त्या तीन सेकंदांत ज्याचा व्हिडिओ कॉल अडखळला, त्याची तक्रार खरी आणि आपला आलेखही खरा. तरी दोघांचं जमत नाही.

हा खेळ घरच्या संगणकावरही चालतो. विंडोजमध्ये लॉगमॅन ही कमांड प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कच्या कामगिरीची नोंद सुरू आणि बंद करते, तर रिलॉग ही कमांड जमलेली फाइल छाटते: ठरावीक वेळेपुरती, ठरावीक मोजमापांपुरती किंवा दर विसावी नोंद ठेवून. एकोणीस नोंदी टाकून हिशोब चुकत नाही का? ते मोजमापाच्या जातीवर आहे. वाढत जाणारा आकडा विजेच्या मीटरसारखा असतो. मधली वाचनं हुकली तरी शेवटच्यातून पहिलं वजा केलं की एकूण वापर बरोबर निघतो. पण या क्षणी मेमरी किती मोकळी आहे, हा आकडा तसा नाही. तिथे टाकलेली नोंद कायमची गेली.

मीटरलाही शेवटचा आकडा असतोच. ३२ बिटांत बाइट मोजणारा मोजक ४२९ कोटींच्या जवळ पोचला की पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर हे पावणेसहा मिनिटांत घडतं, एक गिगाबिटवर अवघ्या ३४ सेकंदांत. तिथे पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्याला मधे मोजकाने किती फेऱ्या मारल्या याचा पत्ताच लागत नाही. म्हणूनच वेगवान जोडण्यांसाठी ६४ बिटांचे मोजक आले.

तेव्हा छाटणी करण्याआधी रिलॉगला क्यू हा पर्याय द्यावा; फाइलीत कोणकोणती मोजमापं आहेत त्याची यादी तो दाखवतो. कोणता आकडा मीटरसारखा साठत जाणारा आणि कोणता क्षणापुरता, हे त्या यादीवरून ठरवावं, मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच कात्री चालवावी. नोंद किती बारीक हवी हे डिस्कवरच्या जागेवरून ठरवलं तर बहुधा चुकतं. ते आपल्याला पडलेल्या प्रश्नावरून ठरवायचं असतं. महिन्याच्या बिलाला २८८ ओळी भरपूर झाल्या. अडखळलेल्या कॉलचं कारण शोधायला सेकंदासेकंदाची नोंद लागते.