रविवारची बेगमी

मालवणच्या किनाऱ्यावर वैशाख सरूं लागला कीं घरोघरीं एकच धांदल उडते. मसाल्याच्या मिरच्या उन्हांत पडतात, कोकमांचीं सोलें वाळतात, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, जळाऊ लांकडें पडवींत रचलीं जातात. पुढें पाऊस लागतो, समुद्र खवळतो, जून-जुलैंत यांत्रिक नौकांची मासेमारी सरकारी नियमानें बंद राहते, आणि घर या बेगमीवर चालतें. चार महिन्यांचा विचार आधीं करण्याची ही रीत सात दिवसांच्या मापानेंही वापरतां येते. आणि त्यासाठीं रविवारासारखा सोयीचा दिवस नाहीं.

हा रविवार मोकळा कसा झाला, हें मात्र प्रथम ध्यानांत घ्यावें. मालवण एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, आणि त्या जिल्ह्यांतून हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात. तेथें सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबावें लागे; आठवड्याच्या सुटीची शाश्वति नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८८४ सालीं सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. रविवारची सुटी ही त्यांतील एक प्रमुख मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें १०,००० कामगारांची सभा भरली, व तींत दोन स्त्री-कामगारांनींही भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें मागणी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्याच्या सुटीस कायद्याचा आधार मिळाला. विश्रांतीसाठीं मिळविलेला हा दिवस सगळाच कामानें भरून टाकणें उचित नव्हे.

मग तयारी कोणती करावी? सोमवारच्या घाईंत जें हमखास चुकतें किंवा राहून जातें, तेवढेंच रविवारीं उरकावें. मुलांचे गणवेश, दप्तरें, भरावयाचीं बिलें आणि आठवड्याचा हिशेब एवढ्यांतच निम्मी चिंता सरते. मालवणचा आठवड्याचा बाजार सोमवारीं भरतो. डबे उघडून पाहून त्याची यादी आदल्या दिवशींच करावी, म्हणजे नको तें येत नाहीं आणि हवें तें विसरत नाहीं. अनेक घरांत सोमवारीं मासे वर्ज्य असतात. म्हणून रविवारीं सकाळीं मटकी भिजवून रात्रीं फडक्यांत बांधून ठेवली, तर सोमवारच्या रात्रीच्या उसळीची सोय होते. भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचें वाटप शीतकपाटांत तीन-चार दिवस टिकतें. ओल्या नारळाच्या रसाची सोलकढी मात्र ज्या दिवसाची त्या दिवशींच करावी. आधीं काय करावें याइतकेंच आधीं काय करूं नये हेंही कळलें पाहिजे.

येथें एक प्रश्न उरतो. ही तयारी करावयाची कोणीं? रविवारीं घरांत सारीं माणसें असतात, मासळी किंवा मटणाचा बेत असतो, पाहुणा येतो. म्हणजे इतरांच्या सुटीच्या दिवशीं गृहिणीचें काम दुप्पट होतें. त्यांत आठवड्याच्या तयारीची भर पडली, तर सात दिवसांत तिच्या वांट्यास विसावा म्हणून राहतच नाहीं. ती नोकरी करणारी असेल, तर हा अन्याय अधिकच मोठा. १८९० च्या सभेंत ज्या दोघी बोलावयास उभ्या राहिल्या, त्यांनाही गिरणीचें काम संपल्यावर घरचें काम चुकलें नसेल.

म्हणून तयारी वांटून घ्यावी. यादी, बाजार व हिशेब पुरुषांनीं पाहावा. बूट, कपडे व पुस्तकें ज्याचीं त्यानें लावावीं. नारळ खवणें, कांदा चिरणें हीं कामें मोठ्या मुलांस शिकवावीं, मग तो मुलगा असो कीं मुलगी. दोन तासांची मर्यादा ठरवावी, आणि जेवणापूर्वीं सर्व आटोपावें. राहिलें तें राहूं द्यावें. ज्या घरांत रविवारच्या दुपारीं घरची बाईही निवांत बसलेली दिसते, त्या घराची आठवड्याची बेगमी नीट झाली असें समजावें.